तीन पुठ्ठे आणि एक वेलांटी

गेला आठवडाभर माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचे तीन तुकडे आहेत. एक ३२५ बाय २०३ मिलिमीटरचा, दुसरा ३११ बाय २१६ चा आणि तिसरा ३४९ बाय १९४ चा. टॅब्लेट म्हणजे इथे पेनने चित्र काढायची पाटी, रेघ उमटते ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर. वॅकॉम कंपनीच्या अशा तीन लार्ज टॅब्लेटवर पेन जेवढ्या जागेत उमटतो, तेवढी जागा मोजून ते कापलेत. २००९ सालचा इंट्युऑस फोर, २०१७ चा इंट्युऑस प्रो आणि २०२५ मध्ये आलेला नवा प्रो. कॉलेजातला एक सीनियर स्टुडिओ आवरतोय आणि त्याचा इंट्युऑस फोर मला देऊ करतोय. घ्यावा की पैसे साठवून नवा घ्यावा, हा प्रश्न.

मीडियम आकाराचा टॅब्लेट पुरत नाही हे मला दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची अक्षरं काढताना कळलं. मीडियमच्या पेन चालणाऱ्या जागेची रुंदी २२४ मिलिमीटर आणि माझ्या २४ इंची मॉनिटरची ५३१. हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटिमीटरहून जास्त धावते. चित्रात ते खपून जातं. शिरोरेषेत मनगटाचा कणभर कंपही दिसतो. शिरोरेषा खांद्यातून, एका दमात ओढायची असते, बोरूने गिरवताना हे हातात बसलंय. लार्जवर हेच प्रमाण दीडपटीच्या थोडं वर येतं, म्हणजे खांद्याला काम करायला जागा मिळते.

आता पुठ्ठ्यांचं. माझ्या मॉनिटरच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ आहे. टॅब्लेटची सगळी जागा त्याला जशीच्या तशी जोडली, तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर आडवं पसरतं. हाताला ती खोटी सवय लागू नये म्हणून मी सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवते, आणि मग टॅब्लेटची एक पट्टी निकामी होते. मी त्या पट्ट्या कात्रीने कापल्या. इंट्युऑस फोरची दोन सेंटिमीटर गेली, २०१७ च्या प्रोची तब्बल चार. उरला ३११ बाय १७५, म्हणजे तिघांत सर्वांत लहान! २००९ चा ३२५ बाय १८३ राहिला. २०२५ वाल्याचं जवळजवळ काहीच कापावं लागलं नाही, कारण तो मुळातच १६:९ च्या अगदी जवळ आहे. शिवाय बटणं आणि डायल त्यांनी वरच्या कडेला नेलेत. लहान टेबलावर याचा फार उपयोग होतो.

दाबाच्या पातळ्यांचं, म्हणजे पेनवरच्या जोराच्या किती पायऱ्या टॅब्लेटला कळतात त्याचं, सगळेच विचारतात. जुन्यात २०४८, नव्यात ८१९२. दोन्ही पेनांनी एकच ब्रश लावून अर्धा तास रेघा मारल्या, मला फरक सांगता आला नाही. माझ्या मते रेघ किती हलक्या स्पर्शाला सुरू होते ते बघावं. इंट्युऑस फोरचा पेन एका ग्रॅमच्या दाबालाही उमटतो, आणि अक्षराच्या बारीक टोकाला मला हेच लागतं.

खरी ओढ मात्र वेगळीच आहे. सीनियरकडे त्या टॅब्लेटबरोबर आर्ट पेन आहे. हा पेन बोटांत स्वतःभोवती फिरवला की टॅब्लेटला ते फिरणं कळतं. क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चपट्या ब्रशला रोटेशन, म्हणजे पेनचं हे फिरणं, लावलं आणि ‘की’ काढला. वेलांटी खांबावरून वर चढली, माथ्यावर वळताना मी अंगठ्याने पेन जरासा फिरवला आणि जाड रेघ तिथेच निमुळती होत खाली उतरली. बोरूचं तिरकं टोक कागदावर फिरवतो, अगदी तसं! मी तीच वेलांटी वीसेक वेळा काढली. नव्या प्रोसोबत येणाऱ्या प्रो पेन ३ ला हे फिरणं कळत नाही.

जुना घेताना मी काय तपासलं तेही सांगते. पट्टी धरून तिरक्या रेघा अगदी सावकाश ओढल्या, चारही कोपऱ्यांपर्यंत. कुठे लाटा उमटतात का ते अशाच रेघेत कळतं, भरभर ओढलेल्या रेघेत लपतं. मग पृष्ठभागावरून बोट फिरवलं. मधोमध, जिथे त्याचा हात पंधरा वर्षं चालला, तिथे तो काचेसारखा गुळगुळीत झालाय. केबल दोन्ही बाजूंच्या पोर्टात लावून हलवून पाहिली. आणि ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टीम बदलत गेली की जुन्या मॉडेलांचा आधार सुटत जातो, हा जुन्याचा सगळ्यात मोठा धोका. मी लिनक्सवर काम करते, तिथे या टॅब्लेटचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच आहे. लावला आणि चालू झाला. तुमचं काम दुसऱ्या सिस्टीमवर असेल, तर स्वतःच्या मशीनला जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन मॉनिटरवर दिवसभर चित्रं रंगवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी २०२५ चाच घ्यायला सांगितलं. वॉरंटी हवी, प्रवासात न्यायचा, अक्षरं काढायची नाहीत, तिच्यासाठी तोच बरोबर.

मी काल संध्याकाळी इंट्युऑस फोर घरी आणला. गुळगुळीत झालेल्या मधल्या भागावर कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर खरखरीत कागद, चिकटपट्टीने बसवलाय. त्यातूनही पेन उमटतो, आणि टोकाला कागदाची खरखर लागते. मुखपृष्ठाची शिरोरेषा सकाळी त्यावरच ओढली.