मुलगाय तो!

“हिच्या दातांना तारा बसवा डॉक्टर, उद्या लग्नात अडचण नको.” आज सांगलीतल्या विश्रामबागच्या दवाखान्यात तासगावच्या एक ताई म्हणाल्या. लेक जेमतेम 13 वर्षांची.

शेजारी धाकटा बसलेला. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटत नव्हते. खेळताना पडला तर तेच आधी तुटणार. खरी गरज त्याला!

“त्याचं काय, मुलगाय तो.”

हे मला दिवसभर टोचतंय.

पोरीनं मात्र नेमकं विचारलं, दुखेल का? किती दिवस? सांगितलं, सुरुवातीला चार दिवस ठणकतं, साधारण दीड-दोन वर्षं लागतात. तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, लावायचाच, नाहीतर दात परत सरकतात. सगळं कान देऊन ऐकलं तिनं, गुणाची पोर.

धाकट्यालाही तपासून घेऊ म्हटलं, तर ताई नुसत्या हसल्या. कसं समजवायचं सांगा?