टाळ थांबत नव्हते

पडशीत दोन जोड कपडे, रेनकोट, पायांना लावायचं मलम आणि बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाची छोटी प्रत. आमचं घर चर्चला जाणारं. माउलींच्या पालखीबरोबर चालतोय म्हटल्यावर ‘तू तिथे काय करणार?’ असं दोघातिघांनी विचारलंच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचलो, असं ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. मला तो पूल एकदा दुसऱ्या टोकाकडून चालून पाहायचा होता.

नीतिसूत्रांचे अध्याय ३१. सकाळी निघण्याआधी एक आणि रात्री राहुटीत एक, असा नेम धरला. आळंदी ते पंढरपूर २५० किलोमीटरच्या आसपास, तेवढ्यात पुस्तक होऊन जातं. लहानपणापासून वाचत आलोय ते, पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांसाठी. आळशाला मुंगीकडे जायला सांगणारं वचन आलं की मुलगा आठवायचा, बडबड्यावरचं आलं की शेजारी. धाकट्या भावाला तर मी वचनं लिहून पाठवायचो. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचं फाटलं, त्याला सहा वर्षं झाली. दुखावलेला भाऊ तटबंदीच्या नगरापेक्षा जिंकायला अवघड, हे वचन मी त्याला पाठवलं होतं. ‘बघ, तू कसा वागतोयस’ म्हणून.

पुणं सोडून दिवे घाट चढलो, सासवड, जेजुरी मागे पडली. चालण्यात विशेष काही सांगण्यासारखं नाही, पाय दुखतात आणि मग दुखायचे थांबतात. वाल्ह्याला मात्र एक घडलं. पहाटे पंधरावा अध्याय वाचला होता: मृदू उत्तरानं राग शमतो. तासाभरात टँकरपाशी एकानं आपली बादली माझ्यापुढे सरकवली आणि मी त्याच्यावर ओरडलो, चांगला मोठ्यानं. तो मागे वळला. ‘चुकलं माउली. आधी तुमची भरा.’ माझ्या हातातली बादली तशीच राहिली. इथे लहान-थोर सगळे एकमेकांना माउली म्हणतात, हे मला माहीत होतं. पण ज्याच्यावर ओरडलो त्याच्या तोंडून ते ऐकणं निराळं. वचन मी तासाभरापूर्वी वाचलेलं, आणि पाळलं त्यानं. त्यानं ते वाचलेलं असण्याची शक्यताही कमीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोणंदच्या तळावर समाज आरतीला उभा होतो. दिंड्या गोलाकार उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात, ‘होऽ’ अशी हाक येते आणि सगळं शांत होतं. इतक्या माणसांची इतकी शांतता मी कुठे अनुभवली नव्हती. त्या दिवशी मात्र एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना हाक ऐकू गेली नसेल. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘त्यांची तक्रार असंल. तक्रार असली की त्या दिंडीनं टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार जाऊन ऐकून घेतात.’ आणि खरंच, चोपदार तिकडे गेले, काही वेळ ऐकत उभे राहिले. टाळ थांबले. मगच हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, उद्याची सूचना दिली आणि आरती झाली. एका दिंडीचं ऐकून होईपर्यंत अख्खा सोहळा थांबला होता.

रात्री बॅटरीच्या उजेडात अठरावा अध्याय काढला. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा. वादात आधी बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत. आणि त्याच पानावर, खाली, ते तटबंदीच्या नगराचं वचन. भावाला पाठवताना त्याच्या वरच्या ओळी मी पाहिल्याच नव्हत्या. सहा वर्षं त्याचे टाळ वाजत होते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक नाताळला त्याचं काहीतरी बोलून निघून जाणं. मी त्याला थांबायला सांगत राहिलो, त्याच्यापाशी गेलो कधीच नाही.

सकाळी फोन लावला.

‘दादा? काय झालं?’ आवाज घाबरलेला.

‘काही नाही. त्या वेळी तुझं जे म्हणणं होतं, ते मला पूर्ण ऐकायचंय.’

तो बराच वेळ गप्प होता. मग सुरू झाला. घराच्या वाटणीवरून नव्हे, बाबांच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून. रात्री कोण जागत होतं, आणि रविवारी येऊन त्यांच्या उशाशी बसून वचनं कोण वाचून जात होतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. निघण्याच्या इशाऱ्याचा कर्णा एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. लोक पडशा उचलायला लागले. आजोबांनी खूण केली, मी हातानंच त्यांना पुढे व्हायला सांगितलं.

तिसऱ्या कर्ण्याला आमची दिंडी निघाली. मी रस्त्याच्या कडेला फोन कानाला लावून उभा होतो, आणि तो अजून बोलत होता.