रक्त गेल्यानंतर एसजीपीटी हजारांत का जातं?

अपघातात किंवा बाळंतपणात दीड-दोन लिटर रक्त गेलेला पेशंट सावरतो, बीपी जागेवर येतं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात पडतो: एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात उतरणारं एन्झाइम) ३,०००. 'कावीळ झाली का?' असं नातेवाईक विचारतात. विषाणूची कावीळ नव्हे ही. मधले काही तास लिव्हर ऑक्सिजनवाचून राहिलं, त्याची ही खूण.

हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण पाव हिस्सा लिव्हरकडे जातो. त्यातलं पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांतून फिरून आलेलं. रक्त घटलं की शरीर आतड्यांचाच पुरवठा आधी आखडतं. लिव्हरची धमनी रुंदावून थोडी भरपाई करते, पण फार वेळ नाही. मध्यशिरेभोवतीच्या, म्हणजे लिव्हरमध्ये रक्त सर्वांत शेवटी पोचतं तिथल्या, पेशी मग आधी मरतात. पाटाच्या शेवटच्या वाफ्याची गत.

म्हणून लिव्हरचा पहिला उपचार रक्तस्राव थांबवणं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत, आणि तेही पहिल्या ३ तासांत. रक्त भरताना लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स बरोबरीने द्यायचे. नुसत्या सलाईनच्या बाटल्या चढवल्या की रक्त पातळ होतं, गोठत नाही, शरीर गार पडतं. त्यात हृदय आधीच कमजोर असेल तर जादा पाणी मागे तुंबतं आणि लिव्हरमधून रक्त बाहेर पडायलाच वाट राहत नाही. पुढून पुरवठा कमी, मागून तुंबारा: खरं नुकसान बहुधा या जोडीने होतं.

रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं सायट्रेट मोडायचं कामही लिव्हरचंच. ते थकलेलं असलं की सायट्रेट साचून रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, मग गोठणं आणि हृदयाचे ठोके दोन्ही बिघडतात. आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम बघत कॅल्शियम द्यावं, आणि रक्त वॉर्मरमधूनच, म्हणजे कोमट करूनच, चढवावं.

एन्झाइम्स १ ते ३ दिवसांत शिखर गाठतात आणि झपाट्याने उतरतात. ७ ते १० दिवसांत बहुधा पूर्ववत. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) मात्र उशिरा चढतं, त्याने घाबरू नये. घाबरायचं ते एसजीपीटी उतरत असताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढत चालला, शुगर घसरली किंवा पेशंट गुंगायला लागला तर. शुगर दर दोन-चार तासांनी बघावी.

पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळ्यांतलंही त्यात मोजावं. लिव्हर टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालू नयेत. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध पॅरासिटामॉलच्या विषबाधेत नक्की उपयोगी, इथे सरसकट देण्याइतका पुरावा नाही.

सिऱ्हॉसिसच्या (लिव्हर कायमचं निबर झालेल्या) पेशंटला अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झाला तर मात्र हात आवरता घ्यावा. हिमोग्लोबिन ७-८ वर आणून थांबायचं; त्याहून जास्त रक्त चढवलं की पोर्टलचा दाब वाढतो आणि तीच शीर पुन्हा फुटते.