कॅमेरा निवडायला मी बिघडलेल्या फोटोंपासून सुरुवात केली

नवा कॅमेरा घ्यायचं ठरल्यावर मी तुलनेचे तक्ते बाजूला ठेवले आणि जुन्या कॅमेऱ्याचे बिघडलेले फोटो एका फोल्डरमध्ये गोळा केले. चांगले आलेले फोटो इथे फारसे कामाचे नाहीत, ते बहुतेक कुठल्याही कॅमेऱ्यावर आलेच असते. काय कमी पडतंय ते बिघडलेल्या फोटोंत दिसतं. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ ओढते, ते मिमीमध्ये), शटर स्पीड (सेन्सरवर प्रकाश किती वेळ पडला), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं) आणि आयएसओ (कमी प्रकाशात फोटो किती उजळवला) नोंदलेले असतात. ते आकडे समोर ठेवून फोटो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर येईल एवढा, मोठा करायचा.

सगळा फोटो एकाच दिशेने फरफटलेला असेल तर आपला हात हललाय. भिंत खणखणीत आणि माणूस पुसट, ओढल्यासारखा असेल तर माणूस हललाय. माणूस स्थिर असूनही मागचं झाड स्पष्ट आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकलाय. सगळं जागच्या जागी पण रंग मातकट आणि दाणेदार असतील तर प्रकाश अपुरा पडलाय. हे चार दोष एकाच कॅमेऱ्याने जात नाहीत, म्हणून आपल्या फोल्डरमध्ये कोणता जास्त आहे ते मोजायलाच हवं. हात हलण्यावर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, उत्तम, पण पळणाऱ्या मुलापुढे त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं, म्हणजे पुन्हा प्रश्न प्रकाशाचाच.

माझे बहुतेक फोटो याच प्रकारात निघाले आणि निवडीची दिशाच बदलली. १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, ५५ ला नेली की तिचं ॲपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). एफ १.८ ची ५० मिमी लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश घेते, म्हणजे त्याच आयएसओवर १/३० चं शटर साधारण १/३०० वर जातं. एपीएस-सी हा लहान सेन्सर सोडून फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर गेलं तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, तोही फायदाच, पण दहापटीच्या जवळपासही नाही. लेन्सच्या फायद्याला मात्र एक अट आहे. एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारं अंतर फार कमी असतं, त्यामुळे जवळून, पुढेमागे असलेल्या दोघांचा फोटो काढला की एकाचे डोळे स्पष्ट येतात, दुसऱ्याचे नाहीत. ते टाळायला एफ २.८ वर आलं की दहापट फायदा चौपटीवर येतो. तरीही पैसे आधी लेन्सवर घालावेत आणि उरतील त्यात बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बघावी, असं माझं मत झालं.

मेगापिक्सेलचा हिशेब लवकर उरकतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० बाय १३ इंचांची छपाई झाली. ४५ मेगापिक्सेलला रुंदी जेमतेम ३७ टक्के वाढते, फाइल मात्र दुपटीजवळ जाते. दूरचा पक्षी कापून मोठा करायचा असेल तर ते ठिपके जरूर घ्यावेत.

कंपनीच्या नावावरच्या निष्ठेलाही फार अर्थ नाही. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर सोनीने बनवलेला असतो. कॅननच्या ईएफ-एम या जुन्या मालिकेतल्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ माउंटवर, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यावर, बसत नाहीत. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यामुळे जुन्या लेन्स निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. म्हणून घरात जुन्या लेन्स असतील तर नेमकी कोणती लेन्स, कोणता माउंट आणि अडॅप्टरवर ऑटोफोकस चालतो का, एवढं बघितलं की पुरे.

कॅमेरा हातात घेऊन बघताना स्वतःचं कार्ड आणि नेहमी वापरायची सर्वांत जड लेन्स सोबत न्यावी. चष्मा असेल तर काढू नये, व्ह्यूफाइंडरचे (डोळा लावून बघायच्या खिडकीचे) चारही कोपरे चष्म्यासकट दिसले पाहिजेत. डोळा न हलवता आयएसओ आणि फोकसचा बिंदू बदलता येतो का ते पाहावं. मग फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या मोठ्या फाइलमध्ये, साठवायचे ठेवून बटण दाबून धरायचं. सेकंदाला दहा फोटो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला की वेग अडखळतो. तो किती सेकंदांनी अडखळतो आणि कार्डावर लिहिण्याचा दिवा किती वेळाने विझतो, हे घड्याळ लावून बघावं. शेवटी एलईडी दिव्याखाली आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने वेगवेगळ्या शटर स्पीडला काही फोटो काढावेत. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात दिवा कमीजास्त होत राहतो. वाचन संथ असेल तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. समारंभांचे फोटो काढणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये.

लेन्स जुनी असो वा नवी, तिची एक परीक्षा मी हमखास घेतो. विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर लावायचा, एफ ५.६ ठेवायचं आणि चारही कोपरे मोठे करून बघायचे. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा धूसर असेल तर कॅमेरा उलटा करून तीच भिंत पुन्हा टिपावी. धूसरपणा फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर आतलं भिंग सरकलेलं असण्याची शक्यता मोठी, लेन्स परत करावी. तो तिरक्या रेषेत समोरच्या कोपऱ्यात गेला तर कॅमेरा भिंतीला तिरका लागला होता. पुन्हा नीट लावून बघावं.