गोक्रिप्टएफएसची तिजोरी, टप्पा तिसरा: रोजचं काम टायमरवर

मांडणी गेल्या टप्प्यातलीच. गिरगावातल्या घरी लिनक्सचा लॅपटॉप, १ टीबीची बाहेरची डिस्क, तिच्यावर गोक्रिप्टएफएसचं (फाइली आणि त्यांची नावं कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर) फोल्डर. आत पागडीच्या भाडेपावत्या, वीजबिलं, सातबाऱ्याचे स्कॅन. दुसरी प्रत क्लाउडवर. दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवून मुंबईत भागत नाही: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरचं सगळं एकदमच भिजलं. आता माउंट (तिजोरी उघडून फोल्डरसारखी जोडणं), आरसिंक (फाइलींची प्रत आत टाकणं), अनमाउंट आणि आरक्लोन (क्लाउडवर प्रत चढवणं) या चारही पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये आहेत.

सगळ्यात घातक चूक माउंटची. माउंट फसलं तरी स्क्रिप्ट पुढे जात होती. माउंटचं फोल्डर असतंच, फक्त रिकामं. आरसिंकने सगळे स्कॅन त्यात उघडेच टाकले. दुसऱ्या दिवशी फोल्डर रिकामं नाही म्हणून गोक्रिप्टएफएसने माउंट करायलाच नकार दिला आणि उघड्या ढिगात आणखी भर पडली. एकदा बिघडलं की हे आपणहून सुधारत नाही. त्यावर 'नॉनएम्प्टी' हा पर्याय लावू नका. माउंट होईल, पण उघड्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातील आणि कुणाला कळणारही नाही.

उपाय: वरच 'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबते), आणि आरसिंकच्या आधीच्या ओळीत 'माउंटपॉइंट -क्यू' (माउंट झालंय का ते तपासतं). माउंट नसेल तर तिथेच थांबायचं. रिकाम्या फोल्डरला 'चॅटर +आय' (कुणालाच लिहू न देणारी खूण) लावा असं बरेचजण सुचवतात. रूटने (मुख्य युजरने) माउंट होणाऱ्या लक्सच्या (अख्खी डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत) डिस्कला ते चालतं. इथे नाही, कारण साध्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल तर फ्यूजरमाउंट (साध्या युजरला माउंट करून देणारा प्रोग्राम) माउंटच करू देत नाही.

आरक्लोन सिंकचा धोका याच जातीचा. डिस्क लावलेली नसताना तिची जागा रिकामी दिसते, आणि सिंक क्लाउडवरची प्रतही तशीच रिकामी करायला निघतं. म्हणून आधी 'गोक्रिप्टएफएस.कॉन्फ' (तिजोरीची सेटिंग फाइल) जागेवर आहे का ते पाहायचं, वर 'मॅक्स-डिलीट ५०' (५०पेक्षा जास्त फाइली पुसू न देणारा पर्याय) लावायचं.

पासवर्ड कमांडमध्ये लिहिला तर 'पीएस'मध्ये (चालू प्रोग्रामच्या यादीत) दिसतो. त्यामुळे 'एक्स्टपास' (पासवर्ड दुसऱ्या प्रोग्रामकडून घेण्याचा पर्याय) वापरून तो कीरिंगमधून (लिनक्सच्या पासवर्डांच्या पेटीतून) घेतला. कीरिंग लॉगिन झाल्यावरच उघडते, म्हणून पहाटे २ची वेळ बाद. टायमर रात्री ९:३०चा, 'पर्सिस्टंट' चालू. लॅपटॉप बंद राहिला तर चुकलेली फेरी पुढच्या लॉगिनला होते.

आता मराठी नावं, कारण इथे आपल्यालाच त्रास जास्त. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'क्षेत्रफळ' दिसायला चार अक्षरं, पण चिन्हं ९, म्हणजे २७ बाइट. ईएक्सटी-४ला (लिनक्सच्या डिस्कवरच्या फाइलव्यवस्थेला) नावाची मर्यादा २५५ बाइट. आरक्लोनच्या स्वतःच्या क्रिप्टमध्ये (कूटबद्ध करण्याच्या सोयीत) ती साधारण १४३वर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'भाडेपावती'ला गाळा, महिना आणि भाडेकरूचं नाव जोडलं की संपली. गोक्रिप्टएफएस लांब नावाचा हॅश (ठरावीक लांबीचा संक्षेप) करतं आणि खरं नाव शेजारच्या '.नेम' फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळेच ते निवडलं. मात्र सिंकमधून '.नेम' कधीही वगळू नका, नावं परत मिळणार नाहीत.

इनिटच्या वेळी (तिजोरी पहिल्यांदा बनवताना) दिसलेली मास्टर की कागदावर छापून दुसऱ्या घरी ठेवली आहे. 'कॉन्फ' फाइल खराब झाली तर फक्त तीच कामाची.

परतीची चाचणी: क्लाउडची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून 'आरओ'ने (फक्त वाचण्यापुरती) माउंट केली, दोन्हीकडचे शा-२५६ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ठसे) ताडून पाहिले. फरक एकाच फाइलमध्ये निघाला. ती आरसिंक चालू असताना स्कॅनर लिहीत होता. आता स्कॅन आधी 'आवक' फोल्डरमध्ये पडतात आणि पूर्ण झाल्यावरच 'एमव्ही'ने (फाइल हलवण्याच्या कमांडने) आत सरकतात.