नेटवर्क असताना सिरियल केबल कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डावर इथरनेट (नेटवर्कची जोडणी) असताना मी प्रोग्रॅमचे डीबगिंग, म्हणजे दोष शोधण्याचे काम, सिरियल केबलवरून का करते, असे प्रत्येक नव्या प्रकल्पात कोणीतरी विचारते. वेगातला फरक मलाही ठाऊक आहे: १,१५,२०० बॉडला (म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटांना) एका बाइटमागे दहा बिट खर्ची पडतात आणि सेकंदाला ११,५२० बाइटांहून अधिक काही जात नाही. मात्र मी ज्या दोषांच्या मागे असते ते बहुधा नेटवर्क तुटतानाच प्रकटतात, आणि नेमक्या त्याच क्षणी नेटवर्कवरून जोडलेला डीबगरही (दोष शोधायचे साधन) हातचा जातो. लॉग छापून पाहावा, असेही सुचवले जाते; पण छपाईने वेळेचे गणित बदलते आणि दोन थ्रेडमधल्या (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या भागांमधल्या) चढाओढीचा दोष तेवढ्यापुरता दडून बसतो.

हे उत्तर मी वर्षानुवर्षे ठामपणे देत आले. एका प्रसंगानंतर तो ठामपणा उरलेला नाही.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात बोर्डावर जीडीबीसर्व्हर (जीडीबी या डीबगरचा बोर्डावरचा साथीदार) चालवून मी लॅपटॉपवरून सिरियल केबलने जोडणी करत होते. जोडणी होई, पहिला ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्याची जागा) लागे आणि पुढे रजिस्टर (प्रोसेसरमधली मूल्ये) वाचताना उत्तर अर्धवट येई. जीडीबी आणि जीडीबीसर्व्हर ज्या प्रोटोकॉलने बोलतात, त्यात प्रत्येक पॅकेट डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि हॅशनंतरच्या दोन अंकी चेकसमने (पडताळणीच्या बेरजेने) संपते. बेरीज जुळली नाही तर घेणारा वजाचे चिन्ह पाठवतो आणि तेच पॅकेट पुन्हा येते. आमच्याकडे अशी पुनरावृत्ती अखंड चालू होती. केबलचा जोड कच्चा असला तरी असेच दिसते, आणि केबल माझ्या तरुण सहकाऱ्याने तयार केली होती. त्याचे सोल्डरिंग नीट नाही, असे मी सगळ्यांदेखत सांगितले. दोन दिवसांत त्याने आणखी दोन केबली बनवल्या.

तिसऱ्या दिवशी मी जीडीबीला प्रत्येक पॅकेट पडद्यावर दाखवायला लावले, तेव्हा उत्तरांच्या मधोमध ‘लॉगिन’ हा शब्द दिसला. बोर्डाच्या त्याच पोर्टवर गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) चालू होती आणि जीडीबीसर्व्हरसाठी आलेले काही बाइट तीच वाचून घेत होती. तिचा संशय मला पहिल्याच दिवशी आला होता. मी ती किल (बंद) केली होती आणि त्याबरोबर तो संशयही मनातून काढून टाकला होता. पण इनिटटॅब या फाइलमधल्या रिस्पॉनच्या (बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याच्या) ओळीमुळे इनिट, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम, तिला लगेच पुन्हा सुरू करत होता. दुसऱ्यांदा पीएस (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवले असते, तर हे मिनिटभरात कळले असते. एवढ्या घाईत, रात्रीच्या पाळीत तेही सुचायला हवे होते का, असे मी पुढे स्वतःलाच विचारून पाहिले. पण सहकाऱ्याला दोष देण्याइतका वेळ तर माझ्याकडे होता. आरोप चारचौघांत केला आणि माफी बंद खोलीत मागितली, हे मला आजही सलते.

त्या दिवशी नेटवर्कवरून जोडणी केली असती तर गेटीचा प्रश्नच आला नसता, हे मान्य आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाबतीत मात्र मी मागे हटत नाही: २००८ साली २.६.२६ आवृत्तीत लिनक्समध्ये आलेला केजीडीबी (कर्नलच्या डीबगिंगची सोय) बूटच्या वेळी सिरियल पोर्टवर डीबगरची वाट पाहत थांबू शकतो, आणि नेटवर्क ड्रायव्हरच बिघडलेला असेल तेव्हा मला दुसरा मार्ग नसतो. साध्या प्रोग्रॅमसाठीही केबलच हवी, असा आग्रह मी अजून धरते. त्यात अनुभव किती आणि तेव्हाची चूक सावरण्याची धडपड किती, हे मला सांगता येत नाही.