फॉसडेम, रविवार: एकाच खोलीत ठाण

ब्रसेल्स, रविवार रात्र.

काल फॉसडेममध्ये, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या इथल्या संमेलनात, नुसती धावपळ झाली. यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश कॅम्पसमध्ये इमारतींचा पसारा मोठा. एकीकडचं सत्र संपवून दुसरीकडे पोचेपर्यंत दारावर ‘रूम फुल’ची पाटी. फॉसडेमला तिकीट नाही, नावनोंदणीही नाही, त्यामुळे आधी येईल त्याची जागा. खोली भरली की दारावरच्या स्वयंसेवकापुढे कुणाची मात्रा चालत नाही.

म्हणून आज सकाळीच पोस्टग्रेस या डेटाबेसच्या खोलीत शिरलो आणि बूड हलवलं नाही. पहिलं सत्र डोक्यावरून गेलं. पुढचं ऑटोव्हॅक्यूमवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या साफसफाईवर होतं; आमचं रोजचंच दुखणं. पोस्टग्रेसमध्ये रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, अपडेट केली की नवी प्रत वेगळी लिहिली जाते आणि जुनी ‘मेलेली’ म्हणून तशीच पडून राहते. ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करायचं काम व्हॅक्यूमचं. ते कधी सुरू होणार? डिफॉल्ट हिशेब असा: टेबलातल्या २० टक्के रो, अधिक ५०, इतक्या मेल्या की. लहान टेबलाला हे ठीक आहे. २० कोटी रोंच्या टेबलात मात्र ४ कोटी मढी साचेपर्यंत कुणी झाडू हातात घेत नाही! आवृत्ती १८ मध्ये मेलेल्या रोंना १० कोटींची कमाल मर्यादा आली आहे, पण आमच्यासारख्या मधल्या आकाराच्यांना तिचा काय उपयोग?

खरी रंगत प्रश्नोत्तरांत आली. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, व्हॅक्यूम वेळेवर चालतो, लॉगमध्ये दिसतो, तरी मेलेल्या रो कमी का होत नाहीत? वक्त्याने उलट विचारलं, एखादी ट्रॅन्झॅक्शन (डेटाबेसवरचा एक व्यवहार) उघडी राहिली आहे का? कुणी अपडेट मारून कमिट न करता, म्हणजे व्यवहार पक्का न करता, जेवायला गेलं, तर त्यानंतर मेलेल्या प्रती कुणाला तरी अजून लागू शकतात असं धरून व्हॅक्यूम त्यांना हात लावत नाही. वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉटही (दुसऱ्या सर्व्हरला बदल पोचवण्यासाठी राखलेली नोंद) असाच आडवा येऊ शकतो. बाईंनी तिथेच लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने त्यांनी कपाळावर हात मारला आणि आजूबाजूची रांग खुदकन हसली.

इथे गळ्यात बिल्ला नसतो, हे मला फार आवडतं. छातीवर कंपनीचं नाव लटकत असताना आपला डेटाबेस रखडतोय हे चारचौघांत कोण सांगेल? रेकॉर्डिंग नंतर बघता येतातच, पण सत्रानंतर कॉरिडॉरमध्ये कॉफी घेत त्याच बाईंशी झालेल्या गप्पा त्यात कुठून येणार?

दुपारी व्हेक्टर सर्चला, म्हणजे अर्थाने जवळचं शोधण्याच्या विषयाला, तोबा गर्दी होती. मला तरी त्यात उत्साह जास्त आणि आकडे कमी वाटले.

आता आइंडहोव्हनला परत. उद्या ऑर्डर्सच्या टेबलाचा स्केल फॅक्टर, म्हणजे तो २० टक्क्यांचा आकडा, ०.२ वरून ०.०२ वर आणायचा. फक्त त्या एका टेबलाचा, तेवढी सोय आहे. त्याआधी तासाभराहून जुन्या उघड्या ट्रॅन्झॅक्शन्स शोधायच्या. रात्रीच्या रिपोर्टवर माझा दाट संशय आहे.